आततायिवध आणि पलायनाचा नियम : एका अमेरिकन न्यायनिर्णयाचें परीक्षण

(१)

अंगावर शस्त्र घेऊन चालून येणाऱ्या मनुष्यास ठार मारणें हा दोष होय कीं नाहीं, व दोष नसल्यास तो कोणत्या मर्यादेपर्यंत नाहीं, हा प्रश्न आमच्या धर्मशास्त्रकारांनीं आणि अर्वाचीन न्यायाधीशांनीं सारख्याच आस्थेनें चर्चिलेला आहे. आमच्याकडे ही चर्चा निघाली कीं मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतील आततायिविषयक श्लोक तत्काळ पुढें करण्यांत येतो. लोकमान्य टिळकांच्या १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यांतील कर्मजिज्ञासाप्रकरणामुळें तो मराठी वाचकांच्या विशेष परिचयाचा झाला आहे. परंतु श्लोक पाठ होणें निराळें आणि श्लोक लागणें निराळें. पाठ झालेल्या श्लोकाचा अर्धा भाग तोडून घेऊन त्याच्या बळावर कोणत्याही वधाचें समर्थन करण्याची जी रीत पडली आहे, तिला मूळ ग्रंथाचा आधार कितपत आहे, हें पाहणें अवश्य आहे. कारण ह्या अर्थनिर्णयावर माणसाचा प्राण अवलंबून असतो. मारणाऱ्याचाहि आणि मेलेल्याचाहि.

ह्या परीक्षणासाठीं आम्हीं एक परदेशी निवाडा मुद्दाम निवडला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयानें १६ मे १९२१ रोजीं ब्राउन ह्या नांवाच्या अपिलांत तो दिला. निवाडा लिहिणारे न्यायमूर्ति ऑलिव्हर वेंडेल होम्स (१८४१–१९३५) हे १८८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंग्ल विधीच्या इतिहासावरील व्याख्यानांमुळें इतिहाससंशोधक म्हणूनहि ख्यात होते. हा निवाडा जुन्या वचनाचा अर्थ कसा लावावा ह्याविषयींचा एक छोटा प्रबंधच आहे, आणि म्हणूनच तो हस्तलिखितांच्या अभ्यासकांपुढें ठेवण्याजोगा वाटतो.

(२)

हकीकत थोडक्यांत अशी. टेक्सस प्रांतांत, संयुक्त सरकारच्या हुकमतीखालील एका जागेवर टपालकचेरीच्या इमारतीसाठीं खोदकाम चाललें होतें, व आरोपी त्याच्यावर देखरेख करीत होता. त्याचें व मृताचें बहुत दिवसांचें वैर होतें. मृतानें पूर्वीं दोन वेळां आरोपीवर सुरा घेऊन हल्ला केला होता, आणि पुन्हां गांठ पडेल तेव्हां दोघांपैकीं एकजण मसणांत जाईल अशा अर्थाची धमकी दिली होती, असा पुरावा पुढें आला. ही धमकी आरोपीच्या कानीं पोंचली होती. म्हणून त्या दिवशीं तो पिस्तूल घेऊन आला, व आपल्या कोटांत तें घालून कोट त्यानें मातीच्या ढिगाऱ्यावर ठेवला. मृत हा माती भरण्याच्या गाडींतून तेथें आला. अमुक माती नेऊं नये असें आरोपीनें सांगतांच तो सुरा घेऊन अंगावर आला, असें आरोपीचें म्हणणें. आरोपी वीस पंचवीस फूट मागें सरून कोटापाशीं गेला, त्यानें पिस्तूल काढलें, आणि मृत वार करीत असतांना चार गोळ्या झाडून त्याला ठार केलें. शेवटची गोळी मृत खालीं पडल्यावर सुटली, असाहि कांहीं पुरावा होता. ती चुकून सुटली असें आरोपी म्हणत होता.

खालच्या न्यायाधीशानें ज्यूरीस अशी समज दिली कीं, ज्याच्यावर हल्ला होतो त्यानें जोंवर निर्धोकपणें मागें हटतां येतें तोंवर मागें हटलें पाहिजे. शहाण्या मनुष्यास मागें हटण्यांत जीवाचा धोका वाटला नसता, तर आरोपीस जागेवर उभें राहून लढण्याचा अधिकार नाहीं. उलट समज द्यावी अशी आरोपीच्या वकिलानें केलेली मागणी नामंजूर झाली. ज्यूरीनें दुसऱ्या प्रतीच्या खुनाबद्दल आरोपीस दोषी ठरविलें, मधल्या अपील न्यायालयानें तो निर्णय कायम केला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. तेथें दोषनिर्णय रद्द झाला. पिटनी व क्लार्क ह्या दोन न्यायमूर्तींचें मत विरुद्ध पडलें, पण त्यांनीं आपलीं कारणें लिहिलीं नाहींत. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. दोषनिर्णय रद्द होणें म्हणजे आरोपी निष्पाप ठरणें नव्हे. ज्यूरीस दिलेली समज चुकीची होती, एवढेंच त्यांत ठरलें.

(३)

होम्स ह्यांच्या युक्तिवादाचें मर्म पाहूं. मागें हटण्याचा नियम जुन्या आंग्ल विधींतला. त्याला आधार म्हणून सर एडवर्ड कोक ह्यांच्या १६४४ सालीं छापलेल्या ग्रंथांतील एका स्थळाकडे बोट दाखविण्यांत येई. होम्स म्हणतात कीं, अशीं स्थळें ही मुळांत निराळ्या परिस्थितींत दिलेलीं उदाहरणें होत. पुढें तीं थिजून, कारणाचा विचार न राहतां, कठोर नियमांचें रूप पावलीं. विवेकानें पाहतां, मागें न हटणें ही इतर परिस्थितीबरोबर तोलावयाची एक गोष्ट आहे. तेवढ्यानेंच अपराध सिद्ध होत नाहीं. आपणांस तत्काळ मृत्यूचें वा भयंकर इजेचें भय आहे असें जो सकारण मानतो, तो जागेवर उभा राहिला व त्यानें हल्लेखोरास मारलें, तरी त्यानें मर्यादा ओलांडली असें होत नाहीं. उगारलेल्या सुऱ्यासमोर उभ्या असलेल्या मनुष्यापासून शांत चिंतनाची अपेक्षा करतां येत नाहीं, हा त्यांचा विचार पुढें फार प्रसिद्ध झाला. ह्याच न्यायालयानें १८९५ सालीं बिअर्ड ह्या अपिलांत दिलेला निर्णयहि त्यांनीं आधारास घेतला आहे. त्या प्रकरणांतील आरोपी स्वतःच्या जमिनीवर उभा होता; येथील आरोपी कर्तव्य म्हणून जेथें असावयास पाहिजे तेथें होता; एवढ्या भेदानें निर्णय बदलत नाहीं, असें त्यांचें मत.

मीमांसेशीं परिचय असणाऱ्यास ही पद्धति ओळखीची वाटेल. उदाहरण व विधि ह्यांतील भेद न ओळखल्यामुळें अर्थाचा अनर्थ होतो, हेंच होम्स निराळ्या शब्दांत सांगत आहेत. यादवीच्या युद्धांत तीन वेळां जखमी झालेल्या ह्या न्यायाधीशास शस्त्रासमोर उभें राहण्याचा अर्थ पुस्तकांवरून शिकावा लागला नव्हता. परंतु निवाड्याचें बळ त्या अनुभवावर उभें नसून वचन वाचण्याच्या पद्धतीवर उभें आहे, आणि ह्या बाबतींत आम्ही त्यांस पूर्ण मान देतों.

(४)

आतां आमच्या ग्रंथांकडे वळूं. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यांत, म्हणजे अकराव्या शतकाचा शेवट व बाराव्याचा आरंभ ह्या काळांत, विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. महाराष्ट्रांत ह्या टीकेचें प्रामाण्य किती मोठें होतें हें वाचकांस सांगावयास नको. व्यवहाराध्यायाच्या एकविसाव्या श्लोकांत याज्ञवल्क्यानें दोन स्मृतींचा विरोध आल्यास काय करावें, व अर्थशास्त्र आणि धर्मशास्त्र ह्यांत बलवान् कोण, हें सांगितलें आहे. त्यावर कित्येक टीकाकार आततायिवचनाचें उदाहरण देत. त्यांचें म्हणणें असें : आठव्या अध्यायांतील आततायीस मारण्याचें वचन अर्थशास्त्राचें, बुद्धिपुरःसर ब्राह्मणवधास प्रायश्चित्त नाहीं असें सांगणारें अकराव्या अध्यायांतील वचन धर्मशास्त्राचें, म्हणून दुसरें पहिल्यास बाधक.

विज्ञानेश्वरास हें उदाहरण मान्य नाहीं. विरोध येण्यास दोन्ही वचनांचा विषय एक असावा लागतो, व तो येथें एक नाहीं, असें तो दाखवितो. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. तो श्लोक एकटा घेत नाहीं. त्याच्या आधीचे श्लोक पुढें मांडतो. धर्मास अडथळा आला असतां द्विजातींनींहि शस्त्र घ्यावें, आणि स्वतःच्या, स्त्रियांच्या व ब्राह्मणांच्या रक्षणासाठीं धर्मानें मारणाऱ्यास दोष नाहीं, असा प्रस्ताव तेथें आहे. गुरु, बालक इत्यादिकांचा उल्लेख ह्या प्रस्तावाच्या स्तुतीसाठीं आलेला अर्थवाद आहे. जे मुळींच मारूं नयेत तेहि जर अशा प्रसंगीं वध्य म्हटले जातात, तर इतरांविषयीं काय सांगावें, असा कैमुतिक न्याय त्यांत आहे. तेव्हां गुरूस वा ब्राह्मणास मारावें असा विधि त्या वचनांत नाहींच. गाय व ब्राह्मण सोडून इतर आततायींच्या वधास दोष नाहीं असें सुमंतूचें वचनहि तो आपल्या बाजूस घेतो.

शेवटीं तो जो निष्कर्ष काढतो, तो ह्या लेखाचा कणा आहे. ब्राह्मणादि आततायी आत्मरक्षणादिकांसाठीं निवारिले जात असतां, निवारण करणाऱ्याच्या मनांत मारण्याचा अभिसंधि नसतां, प्रमादानें मेले, तर निवारणाऱ्यास अल्प प्रायश्चित्त आहे आणि राजदंड नाहीं. ह्यांतला ब्राह्मणादिकांपुरता जन्मभेद आज कोणत्याही न्यायासनास मान्य नाहीं, व नसावाहि. परंतु तो बाजूस ठेवल्यावर जी घटना उरते ती फार मोलाची आहे. तींत तीन गोष्टी वेगळ्या ठेविल्या आहेत : निवारण हा हेतु, वध हा परिणाम, आणि दंड व प्रायश्चित्त ह्या दोन निरनिराळ्या जबाबदाऱ्या.

पलायनाचा प्रश्नहि आमच्या टीकाकारांस सुचला होता. मनुस्मृतीवरील मन्वर्थमुक्तावलि ही कुल्लूकभट्टाची टीका. तो वंगदेशीय असून काशीस राहून लिहीत असे. प्रस्तुत श्लोकावर तो मर्यादा घालतो कीं, पळून जाणें इत्यादि उपायांनींहि स्वतःचा बचाव करणें शक्य नसेल तेव्हांच हें वचन लागू. खालच्या अमेरिकन न्यायाधीशानें ज्यूरीस जी समज दिली, तिच्याशीं ह्या मताचें साम्य आश्चर्यकारक आहे. पण साम्याइतकाच भेदहि लक्षांत घ्यावा. कुल्लूक हा नियम ज्या श्लोकावर लिहितो त्यांत गुरु, बालक व वृद्ध आहेत. मारावयास आलेल्या गुरूपासून पळून जाण्यांत शिष्यास लाज नाहीं, बालकापासून दूर होण्यांत तर मुळींच नाहीं. ही मर्यादा सरसकट प्रत्येक हल्लेखोरास लावावी असें त्या टीकेवरून म्हणतां येत नाहीं. कोकच्या स्थळाचें जें झालें तेंच कुल्लूकाच्या पंक्तीचें करण्याचा मोह आपणहि टाळला पाहिजे.

(५)

येथपर्यंत होम्स ह्यांचा पक्ष आम्हांस बळकट वाटतो. परंतु निवाड्यांत दोन ठिकाणें शिथिल राहिलीं आहेत.

पहिलें, वीस पंचवीस फुटांचें मागें सरणें. आरोपी मागें सरला हें निवाड्यांतच नमूद आहे. पण तो हल्लेखोरापासून दूर गेला कीं पिस्तुलाजवळ गेला ? दोन्ही अर्थ एकाच कृतींत बसतात. धमकी ऐकून शस्त्र जवळ बाळगणें ह्यावरून मारण्याचा संकल्प सिद्ध होत नाहीं, हें खरें. तथापि मागें सरण्याचा हेतु कोणता, हा प्रश्न अभिसंधीच्या निर्णयास अत्यंत जवळचा आहे. पलायनाच्या नियमाचें खंडन करण्याच्या भरांत निवाड्यानें ही घटना सांगितली मात्र, तिचा विचार केला नाहीं. विज्ञानेश्वराच्या कसोटीनें ज्यूरीपुढें प्रथम हाच प्रश्न ठेवावा लागला असता.

दुसरें, शेवटची गोळी. होम्स म्हणतात कीं, ती बुद्धिपुरःसर झाडलेली असली व थंड डोक्यानें पाहतां अनावश्यक वाटली, तरी पहिल्या गोळ्यांच्या लगोलग, लढण्याच्या आवेशांत आणि आपण प्राणासाठीं लढत आहों अशा समजुतीनें सुटली असेल, तर आरोपीचें संरक्षण नाहींसें होतेंच असें नाहीं. मनुष्यस्वभाव पाहतां हें बोलणें खरें आहे. आठव्या अध्यायांतील पुढच्याच श्लोकांत वधाचें कर्तृत्व मनुष्याकडून काढून मन्यूकडे, म्हणजे क्रोधाकडे, दिलेलें आहे, तोहि ह्याच स्वभावाचा स्वीकार आहे. परंतु आवेश समजून घेणें आणि आवेश निर्दोष मानणें ह्या दोन वेगळ्या गोष्टी. शत्रु पडल्यावर निवारण संपतें. त्यानंतरचा आघात निवारण नव्हे. होम्स ह्यांच्यापुढें दोनच पेट्या होत्या, अपराधी आणि मुक्त. तिसरी नसल्यामुळें त्यांना हा आघात मुक्ततेच्या पेटींत सरकवावा लागला, असें आम्हांस वाटतें. मिताक्षरेंत तिसरी पेटी आहे : राजानें दंड करूं नये, पण मारणाऱ्यानें आपल्यावरील भार प्रायश्चित्तानें उतरवावा.

आमच्या देशांतील लिखित दंडविधीनें ही तिसरी जागा निराळ्या रीतीनें निर्माण केली. १८६० सालीं झालेल्या व १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आलेल्या भारतीय दंडसंहितेंत खासगी बचावाचा हक्क ९६ ते १०६ ह्या कलमांत सांगितला होता. तो धोक्याची वाजवी भीति उत्पन्न होतांच सुरू होतो व ती असेपर्यंत टिकतो; बचावास अवश्य त्याहून अधिक इजा करण्यापर्यंत पोंचत नाहीं; आणि सरकारी अधिकाऱ्यांची मदत घेण्यास अवकाश असेल तेथें मिळत नाहीं. मागें हटावें असा शब्द त्यांत नाहीं. अवकाशाची कसोटी आहे. शिवाय ३०० व्या कलमाच्या दुसऱ्या अपवादानें, जो सद्भावनेनें, पूर्वसंकल्प न करतां व अवश्य त्याहून अधिक अपाय करण्याचा हेतु न ठेवतां हक्काची मर्यादा ओलांडून मारतो, त्याचें कृत्य खून न मानतां सदोष मनुष्यवध मानलें. हेतु नसतां मर्यादा ओलांडली गेली तर दोष अल्प, हा विज्ञानेश्वराचा सांचाच येथें दिसतो. मात्र तेथें जें प्रायश्चित्तानें फिटे, तें येथें कमी शिक्षेनें फिटतें. १ जुलै २०२४ पासून ह्या संहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३४ ते ४४ ह्या कलमांत हा हक्क, आणि १०१ व्या कलमांत तो अपवाद, तत्त्वतः तसाच ठेविला आहे.

पडलेल्या वा पळणाऱ्या शत्रूवरील आघाताविषयीं आमच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ सालचा एक निर्णय येथें तुलनेस घेण्यासारखा आहे. पंजाबांतील एका शेतजमिनीच्या तंट्यांतून खुनाचें तें अपील आलें होतें. निवाडा लिहिणारे न्यायमूर्ति प्र. बा. गजेंद्रगडकर हे साताऱ्याचे. संस्कृत विद्येची परंपरा असलेल्या घराण्यांत १९०१ सालीं त्यांचा जन्म झाला व पुढें १९६४ ते १९६६ ते भारताचे सरन्यायाधीश होते. धोका नाहींसा होतांच बळाचा उपयोग थांबला पाहिजे, आणि बचावाचा हक्क कधींहि सूडबुद्धीनें वा द्वेषानें वापरतां येत नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. विरुद्ध पक्षाचे लोक पळूं लागल्यावर त्यांच्यावर झाडलेल्या गोळ्या ह्या हक्कांत बसत नाहींत, असा निर्णय झाला. त्या प्रकरणांत अंतर होतें व अवकाश होता. टेक्ससच्या प्रकरणांत क्षणाचाच प्रश्न होता. म्हणून दोन्ही निर्णय परस्परांस छेदतात असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु निवारण कोठें संपतें ही रेषा गजेंद्रगडकरांनीं जितकी ठळक आंखली, तितकी होम्स ह्यांनीं आंखली नाहीं, हें निर्विवाद आहे.

(६)

आततायी शब्दाचा जो सैल उपयोग वक्ते व लेखक करतात, त्याचें ह्या परीक्षणानें काय होतें ? वसिष्ठानें आग लावणारा, विष देणारा, शस्त्र उगारून येणारा, धन हरण करणारा, शेत बळकावणारा व स्त्री पळविणारा असे सहा आततायी मोजले आहेत. ज्याचें मत आपणांस आवडत नाहीं, ज्याचें लेखन झोंबतें, ज्याच्याकडून पुढें कधींकाळीं अपाय होईल असें वाटतें, तो ह्या यादींत कोठेंच नाहीं. गीतेच्या पहिल्या अध्यायांत अर्जुन समोरच्या आततायींस मारल्यानें पाप लागेल असें म्हणतो, आणि श्रीधरस्वामींसारखे टीकाकार त्यावर हीच अर्थशास्त्र व धर्मशास्त्र ह्यांची चर्चा काढतात. म्हणजे ज्यांच्या हातीं प्रत्यक्ष शस्त्रें होतीं त्यांच्याविषयींहि शास्त्र बेफिकीर नव्हतें. म. म. पां. वा. काणे ह्यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडांत (१९४१) ह्या मतमतांतरांची मांडणी केलीच आहे. जिज्ञासूंनीं ती समग्र वाचावी. तींतून एक गोष्ट उघड होते कीं, निबंधकारांचा बहुतेक श्रम वधाची परवानगी वाढविण्यांत नव्हे, ती आवरण्यांत खर्च झाला आहे.

पोथ्या जमविणाऱ्या सज्जनांस ह्या निमित्तानें एक विनंति करावीशी वाटते. व्यवहार व प्रायश्चित्त ह्या विषयांचीं सुटीं पानें, वचनसंग्रह व टिपणें बाडांतून पुष्कळ सांपडतात. त्यांत आततायिवचनासारखें एखादें वचन आढळल्यास सूचींत केवळ त्याचा आरंभ लिहून पुढें जाऊं नये. त्याच्या आधीं व नंतर कोणतें वचन उतरलें आहे, समासांत कोणत्या टीकेची पंक्ति दिली आहे, आणि लेखकानें तें व्यवहाराखालीं घेतलें आहे कीं प्रायश्चित्ताखालीं, ह्याची नोंद करावी. अमुक गांवच्या सभेनें वा शास्त्र्यांनीं हें वचन कोणत्या अर्थानें चालविलें, तें कळण्याचा मार्ग ह्याच नोंदींत आहे. प्रायश्चित्ताखालीं उतरलेलें वचन मारण्याची मोकळीक देण्यासाठीं उतरलेलें नसतें. मारून बसलेल्या मनुष्यास पुन्हां पंक्तीस कसें घ्यावें, ह्या चिंतेनें तें उतरलेलें असतें. असे दहावीस उतारे स्थळकाळासह हातीं आले, तर मिताक्षरेचा निष्कर्ष प्रत्यक्ष व्यवहारांत कितपत उतरला होता, ह्याचा निर्णय तर्कावर न ठेवतां कागदांवरून करतां येईल.